विश्लेषण : चंद्रावरची स्वारी जगभर गाजली, मग दिग्दर्शक खेळण्यांच्या दुकानात का बसला? काय आहे जॉर्ज मेलिएस यांची कहाणी?

चंद्राच्या डोळ्यात घुसलेले यान आणि वेदनेने वेडावाकडा झालेला चंद्राचा चेहरा. सिनेमाच्या इतिहासातील सर्वाधिक ओळखल्या जाणाऱ्या चित्रांपैकी हे एक. ते १९०२ मधील ‘अ ट्रिप टू द मून’ या फ्रेंच मूकपटातील आहे. विज्ञानपटांच्या परंपरेतील हे पहिले मोठे यश मानले जाते. युरोप आणि अमेरिकेतील प्रेक्षकांनी या चित्रपटाला गर्दी केली. मात्र तो बनवणारे जॉर्ज मेलिएस पुढे कर्जात बुडाले, त्यांनी स्वतःच्या चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह जाळल्या आणि उतारवयात पॅरिसच्या एका रेल्वे स्थानकात खेळणी विकली. चित्रपट यशस्वी होणे आणि त्याच्या निर्मात्याला पैसे मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी का आहेत, हे त्यांच्या आयुष्यातून समजते.

मेलिएस कोण होते?

मेलिएस यांचा जन्म ८ डिसेंबर १८६१ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील लुई यांचा उंची बूट बनवण्याचा कारखाना होता. घरात पैसा होता, शिक्षण चांगले झाले. जॉर्ज यांना चित्रकलेची ओढ होती, वडिलांना मात्र मुलाने कारखान्यात लक्ष घालावे असे वाटत होते. १८८४ मध्ये त्यांना कामासाठी लंडनला पाठवण्यात आले. तेथे ‘इजिप्शियन हॉल’मधील जादूचे प्रयोग पाहून ते भारावले. परतल्यावर काही वर्षे त्यांनी कारखान्यातील यंत्रांची देखभाल केली. यंत्रांशी झालेली ही ओळख पुढे उपयोगी पडली.

१८८८ मध्ये वडील व्यवसायातून बाजूला झाले. मेलिएस यांनी आपला वाटा भावांना विकला आणि त्या पैशातून ‘थिएटर रॉबेर-उदँ’ हे पॅरिसमधील जादूच्या प्रयोगांचे प्रसिद्ध नाट्यगृह विकत घेतले. पुढची काही वर्षे ते जादूगार, नेपथ्यकार, दिग्दर्शक आणि व्यवस्थापक अशी सगळी कामे एकटेच करत होते. चित्रपटांतही त्यांनी हीच पद्धत ठेवली.

सिनेमाकडे कसे वळले?

२८ डिसेंबर १८९५ रोजी ल्युमिएर बंधूंनी पॅरिसच्या ग्रँड कॅफेत चलच्चित्रांचा पहिला तिकीट लावलेला जाहीर खेळ केला. मेलिएस त्या खेळाला हजर होते. जादूच्या प्रयोगांसाठी हे यंत्र किती उपयोगाचे आहे, हे त्यांना तिथेच कळले. त्यांनी ते विकत मागितले, मोठी रक्कम देऊ केली. ल्युमिएर बंधूंचे वडील अँतवान यांनी नकार दिला.

मेलिएस यांनी लंडनमधील रॉबर्ट पॉल यांच्याकडून दुसरे प्रक्षेपण यंत्र आणले, ते उघडून त्याची रचना समजून घेतली आणि त्यावरून कॅमेरा तयार केला. १८९६ पासून त्यांनी चित्रीकरण सुरू केले. पुढच्या वर्षी पॅरिसजवळच्या माँत्रय येथे कुटुंबाच्या जागेत काचेच्या भिंती आणि काचेचे छत असलेला स्टुडिओ उभारला. विजेच्या दिव्यांऐवजी सूर्यप्रकाशात चित्रीकरण करता यावे, हा त्यामागचा हेतू होता. कंपनीचे नाव ठेवले ‘स्टार फिल्म’.

त्यांच्या एका प्रसिद्ध युक्तीबाबत त्यांनीच एक आठवण सांगितली आहे. रस्त्यावर चित्रीकरण सुरू असताना कॅमेरा क्षणभर अडकला आणि पुन्हा सुरू झाला. फिल्म पाहिली तर एका घोडागाडीची जागा अचानक शववाहिकेने घेतलेली दिसली. ही घटना जशीच्या तशी घडली का, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. मात्र कॅमेरा थांबवायचा, वस्तू किंवा माणूस बदलायचा आणि पुन्हा सुरू करायचा, ही युक्ती मेलिएस यांनी ज्या सफाईने वापरली तशी त्या काळात कोणी वापरली नव्हती. एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करणे, एक दृश्य विरत जाऊन त्यात दुसरे उमटणे, हेही त्यांनी आपल्या चित्रपटांत मुरवले.

‘अ ट्रिप टू द मून’मध्ये एवढे नवे काय होते?

त्या काळातील बहुतेक चित्रपट एक-दोन मिनिटांचे असत. गाडी स्थानकात येते, कामगार कारखान्यातून बाहेर पडतात, असे त्यांचे विषय. मेलिएस यांचा चित्रपट सुमारे २६० मीटर लांबीचा होता. यंत्र किती वेगाने फिरवले जाते त्यानुसार तो दहा ते पंधरा मिनिटे चाले. त्यात ३० दृश्ये होती आणि सुरुवातीपासून शेवटापर्यंत एक सलग गोष्ट होती.

खगोलशास्त्रज्ञांची एक मंडळी प्रचंड तोफेतून गोळ्यासारखे यान उडवून चंद्रावर जाते. तेथे त्यांना सेलेनाइट नावाचे चंद्रवासी पकडतात. छत्रीचा फटका बसला की हे चंद्रवासी धुराच्या लोटात फुटतात. शास्त्रज्ञ निसटतात, यान कड्यावरून खाली पडते आणि समुद्रात कोसळते. ज्यूल व्हर्न आणि एच. जी. वेल्स यांच्या चंद्रप्रवासाच्या कादंबऱ्यांचा प्रभाव यात उघड दिसतो. चंद्रवासीयांच्या भूमिकेसाठी पॅरिसच्या फोली बर्जेर या नाट्यगृहातील कसरतपटू आणण्यात आले. मोहिमेच्या प्रमुखाची भूमिका मेलिएस यांनी स्वतः केली.

काही प्रती रंगीत होत्या. एलिझाबेथ त्युलिए यांच्या कार्यशाळेत महिला कारागीर बारीक कुंचल्याने एकेक चौकट हाताने रंगवत. प्रत्येकीकडे एकच रंग असे.

चित्रपटाच्या शेवटी परतलेल्या वीरांची मिरवणूक निघते आणि त्यांना पदके दिली जातात. चित्रपटातील शास्त्रज्ञांना पदक लगेच मिळाले. त्यांना पडद्यावर आणणाऱ्या दिग्दर्शकाला मात्र पदकासाठी २९ वर्षे थांबावे लागले.

चित्रपट चालला, मग पैसा का आला नाही?

चित्रपटाचा खर्च सुमारे १० हजार फ्रँक होता. त्या काळाच्या मानाने ही मोठी रक्कम. काम तीन महिने चालले. सप्टेंबर १९०२ पासून प्रती विक्रीस आल्या. कृष्णधवल प्रत ५६० फ्रँकला, तर हाताने रंगवलेली प्रत एक हजार फ्रँकला.

येथे ‘विक्री’ हा शब्द महत्त्वाचा आहे. आज निर्माता चित्रपटाचे हक्क स्वतःकडे ठेवतो, वितरक आणि चित्रपटगृह तिकीटविक्रीत वाटेकरी असतात. चित्रपट जितका चालेल तितका पैसा निर्मात्याकडे येत राहतो. १९०२ मध्ये अशी व्यवस्था नव्हती. कापडासारखी फिल्म लांबीच्या हिशेबाने विकली जाई. जत्रेतील तंबूवाले आणि संगीतगृहांचे मालक ती विकत घेत आणि घासून खराब होईपर्यंत दाखवत. एका प्रतीवर त्यांनी हजार खेळ केले तरी मेलिएस यांना एकदाच पैसे मिळत.

याचा अर्थ साधा आहे. कृष्णधवल प्रतींच्या किमतीने हिशेब केला, तर केवळ निर्मितीखर्च वसूल करण्यासाठी किमान १८ प्रती विकणे भाग होते. प्रती काढण्याचा खर्च त्याहून वेगळा. नफ्याची वाढ प्रेक्षकांच्या संख्येवर नव्हे, तर प्रतींच्या संख्येवर अवलंबून होती. सुरुवातीला जत्रेतील मंडळी किंमत ऐकून बिचकली. एका तंबूवाल्याला आपण चित्रपट एका रात्रीसाठी फुकट दाखवायला दिला आणि गर्दी पाहून त्याचे मत बदलले, अशी आठवण मेलिएस यांनी नंतर सांगितली. त्यानंतर मागणी वाढली. पण ज्याला प्रत हवी त्याने ती मेलिएस यांच्याकडूनच घ्यावी, असे बंधन घालण्याची सोय नव्हती.

अमेरिकेतील कमाई कोणाकडे गेली?

सर्वात मोठी बाजारपेठ अमेरिकेची होती आणि तेथेच सर्वात मोठा घाटा झाला. नक्कल करणे सोपे होते. एक प्रत मिळवायची, तिच्यावरून नवी निगेटिव्ह काढायची आणि त्यातून हव्या तेवढ्या प्रती छापायच्या. टॉमस एडिसन यांच्या कंपनीने हेच केले. सिगमंड लुबिन आणि विल्यम सेलिग या अमेरिकी व्यावसायिकांनीही केले. लुबिन यांनी तर चित्रपटाचे नाव बदलून तो मंगळाची सफर म्हणून विकला. अमेरिकेत चित्रपट तुफान चालला, पण त्यातील फारच थोडा पैसा पॅरिसला पोहोचला.

कायद्याचा आधार का मिळाला नाही? अमेरिकेच्या स्वामित्व हक्क कायद्यात तेव्हा ‘चित्रपट’ असा प्रकारच नव्हता. तो १९१२ मध्ये समाविष्ट झाला. तोपर्यंत निर्माते फिल्मची कागदावर छापलेली प्रत छायाचित्र म्हणून नोंदवत. अशी नोंदणी अमेरिकेत केली नसेल, तर संरक्षण नसे. ‘अ ट्रिप टू द मून’ नोंदणीविनाच बाजारात गेला होता.

मेलिएस यांनी धडा घेतला. १९०३ मध्ये त्यांचे थोरले बंधू गास्तों यांनी न्यूयॉर्कमध्ये ‘स्टार फिल्म’ची शाखा उघडली. तेथून चित्रपटांची नोंदणी सुरू झाली. अमेरिकेसाठी स्वतंत्र निगेटिव्ह लागणार असल्याने स्टुडिओत दोन कॅमेरे शेजारी शेजारी ठेवून चित्रीकरण होऊ लागले. मात्र सर्वाधिक गाजलेल्या चित्रपटाचा पैसा तोवर इतरांच्या खिशात गेला होता.

धंदा बुडाला कसा?

नकलांचा फटका बसला तरी ‘स्टार फिल्म’ लगेच बंद पडली नाही. १९०४ मधील ‘द इम्पॉसिबल व्हॉएज’ हा सूर्याकडे जाणाऱ्या आगगाडीचा चित्रपटही लोकप्रिय झाला. खरी अडचण निराळी होती. चित्रपट हा मोठा उद्योग होत होता आणि मेलिएस कारागीरच राहिले. पटकथा, पडदे, अभिनय, दिग्दर्शन सगळे एकाच माणसाचे. समोर पाथे ही कंपनी कारखान्यासारखे चित्रपट काढत होती. १९०७ मध्ये पाथेने प्रती विकणे थांबवून भाड्याने देण्याचे धोरण घेतले. १९०८ मध्ये पाथेकडे असलेले सेगुंदो दे चोमोन यांनी मेलिएस यांच्या चांद्रसफरीच्या धर्तीवर नवा चित्रपटही काढला.

त्याच वर्षी अमेरिकेत एडिसन यांच्या पुढाकाराने चित्रपट कंपन्यांचा मक्तेदारी संघ स्थापन झाला. त्यात राहण्यासाठी आठवड्याला सुमारे एक हजार फूट फिल्म पुरवणे आवश्यक होते. १९०८ या एका वर्षात मेलिएस यांना पन्नासहून अधिक चित्रपट काढावे लागले. पडदे स्वतः रंगवणाऱ्या दिग्दर्शकासाठी हा वेग जीवघेणा होता. १९०९ मध्ये पॅरिसला युरोपीय निर्मात्यांची परिषद झाली. अध्यक्ष मेलिएसच होते. प्रती न विकता ठरावीक मुदतीसाठी भाड्याने देण्याचे तेथे ठरले. निर्मात्यांच्या दीर्घकालीन हिताची हीच पद्धत होती, पण मेलिएस यांचे मुख्य ग्राहक असलेले जत्रेतील तंबूवाले तिच्यात बसत नव्हते. ज्या बदलामुळे पुढच्या निर्मात्यांना पैसा मिळाला, त्याच बदलाने मेलिएस यांचा ग्राहक गेला.

१९११ मध्ये त्यांनी पाथेशी करार केला. चित्रपटांसाठी पैसा पाथेचा, तारण मेलिएस यांचे माँत्रय येथील घर आणि स्टुडिओ. १९१२ चा ‘द कॉन्क्वेस्ट ऑफ द पोल’ हा भव्य चित्रपट चालला नाही. त्यातील माणसे गिळणारा महाकाय हिमराक्षस आजही पाहण्यासारखा आहे, पण तोवर प्रेक्षकांची आवड बदलली होती. तिकडे गास्तों चित्रीकरणाचा ताफा घेऊन दक्षिण प्रशांत महासागर आणि आशियाच्या दौऱ्यावर गेले आणि मोठा तोटा करून परतले. भावाभावांत कायमचे बिनसले. १९१३ मध्ये मेलिएस यांची पत्नी यूजेनी यांचे निधन झाले. त्या वर्षापर्यंत त्यांची चित्रपटनिर्मिती संपली होती.

चित्रपटांचे काय झाले?

पहिल्या महायुद्धामुळे कर्जवसुलीला स्थगिती मिळाली आणि पाथेची जप्ती लांबली. युद्धकाळात फ्रेंच लष्कराने ‘स्टार फिल्म’च्या शेकडो प्रती ताब्यात घेऊन वितळवल्या. त्यातील चांदी आणि सेल्युलॉइड काढून घेण्यात आले. हे सेल्युलॉइड सैनिकांच्या बुटांच्या टाचांसाठी वापरले गेले, असे सांगितले जाते. बुटांच्या कारखान्यातील वाटा विकून ज्या माणसाने कलेचा मार्ग धरला, त्याच्या चित्रपटांचे शेवटी बूट झाले.

१९२३ मध्ये रस्ता वाढवण्यासाठी रॉबेर-उदँ नाट्यगृह पाडण्यात आले. माँत्रयची जागाही कर्जापायी गेली. साठवलेल्या निगेटिव्ह कुठे ठेवायच्या हा प्रश्न होता. संतापाच्या भरात मेलिएस यांनी त्या जाळून टाकल्या. त्यांनी काढलेल्या ५०० हून अधिक चित्रपटांपैकी आज सुमारे २०० उपलब्ध आहेत. त्यातील अनेक इतरांकडे गेलेल्या प्रतींमुळे वाचले. अमेरिकेत नोंदणीसाठी जमा झालेल्या साहित्याचाही अभ्यासकांना उपयोग झाला.

१९२५ मध्ये त्यांनी झान दाल्सी या त्यांच्या जुन्या चित्रपटांतील अभिनेत्रीशी विवाह केला. माँपार्नास रेल्वे स्थानकात खेळणी आणि गोळ्या-चॉकलेटचे छोटे दुकान दोघे चालवू लागले. दुकान वर्षभर उघडे ठेवावे लागे आणि दिवस लांबलचक असे. समोरून जाणाऱ्या हजारो प्रवाशांपैकी कोणाला हा विक्रेता कोण आहे याची कल्पना नव्हती.

सन्मान कधी मिळाला?

१९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात चित्रपटविषयक नियतकालिकाचे संपादक लिऑन द्रुओ यांनी मेलिएस यांना ओळखले. त्यानंतर पॅरिसच्या पत्रकारांत आणि तरुण कलावंतांत त्यांच्याविषयी कुतूहल जागे झाले. हरवलेल्या प्रतींचा शोध सुरू झाला आणि काही चित्रपट सापडले. १६ डिसेंबर १९२९ रोजी पॅरिसच्या साल प्लेयेल या सभागृहात मेलिएस यांच्या गौरवाचा मोठा कार्यक्रम झाला. योगायोग असा, की त्याच वर्षी मे महिन्यात हॉलीवूडमध्ये पहिला ऑस्कर सोहळा झाला होता. मेलिएस यांच्या उमेदीच्या काळात चित्रपटांसाठी असे पुरस्कारच नव्हते.

१९३१ मध्ये फ्रान्सचा ‘लेजियन द’ऑनर’ हा सन्मान त्यांना मिळाला. पदक प्रदान केले ते लुई ल्युमिएर यांनी. ज्यांच्या वडिलांनी मेलिएस यांना यंत्र विकायला नकार दिला होता, तेच हे ल्युमिएर.

पदकाने पोट भरत नाही. चित्रपट व्यवसायातील लोकांच्या मदतनिधीने १९३२ मध्ये पॅरिसजवळच्या ऑर्ली येथील निवृत्त कलावंतांच्या निवासात त्यांची सोय केली. दुकान सुटले. झान आणि नात मादलेन त्यांच्यासोबत होत्या. २१ जानेवारी १९३८ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. पॅरिसच्या पेर-लाशेझ दफनभूमीत त्यांची समाधी आहे. पुढे मादलेन यांनी आजोबांचे चित्रपट शोधण्यात आणि जपण्यात आयुष्य घालवले.

मरणोत्तर यशाचा हिशेब काय?

‘अ ट्रिप टू द मून’ची रंगीत प्रत नामशेष झाल्याचे मानले जात होते. १९९३ मध्ये बार्सिलोनात अशी एक प्रत मिळाली, मात्र ती अतिशय खराब अवस्थेत होती. अनेक वर्षांच्या प्रयत्नांनंतर तिचे पुनरुज्जीवन झाले आणि २०११ च्या कान महोत्सवात ती दाखवण्यात आली.

त्याच वर्षी मार्टिन स्कोर्सेसी यांचा ‘ह्यूगो’ प्रदर्शित झाला. ब्रायन सेल्झनिक यांच्या कादंबरीवर आधारित या चित्रपटात स्थानकातील खेळणीवाल्या मेलिएस यांची भूमिका ‘गांधी’फेम बेन किंग्जली यांनी केली. चित्रपटाला ११ नामांकने आणि पाच ऑस्कर मिळाले. त्यात दृश्यपरिणामांचा, म्हणजे मेलिएस यांच्या कलेचा, पुरस्कारही होता. तिकीटबारीवर मात्र निराशा झाली. जगभरातील तिकीटविक्री सुमारे १८.५ कोटी डॉलर होती, तर निर्मितीखर्चच १५ कोटी डॉलरच्या पुढे गेल्याचे सांगितले जाते. तिकिटाच्या पैशातला मोठा वाटा चित्रपटगृहांकडे जातो, हे लक्षात घेता हा तोट्याचाच व्यवहार. अमेरिकेतील दृश्यपरिणाम तंत्रज्ञांची संघटना आता मेलिएस यांच्या नावाने पुरस्कार देते.

पुढच्या विज्ञानपटांनी काय वेगळे केले?

विज्ञानपटांना तांत्रिक पुरस्कार मिळतात, मोठे पुरस्कार क्वचित, हे चित्र बराच काळ कायम राहिले. स्टॅन्ले कुब्रिक यांच्या १९६८ मधील ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ला केवळ दृश्यपरिणामांचे ऑस्कर मिळाले. कुब्रिक यांना व्यक्तिशः मिळालेले ते एकमेव ऑस्कर.

पैशाच्या बाबतीत मात्र मोठा बदल झाला. जॉर्ज लुकास यांनी ‘स्टार वॉर्स’साठी अधिक मानधनाचा आग्रह न धरता पुढील भागांचे आणि खेळणी आदी वस्तूंच्या विक्रीचे हक्क मागून घेतले. १९७७ मध्ये प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाने सहा ऑस्कर आणि एक विशेष ऑस्कर मिळवले. पण लुकास यांना खरी श्रीमंती दिली ती त्या हक्कांनी. २०१२ मध्ये त्यांनी आपली कंपनी डिस्नेला सुमारे चार अब्ज डॉलरना विकली.

खेळणी मेलिएस यांनीही विकली. फरक इतकाच, की ती त्यांच्या चंद्राची नव्हती आणि ज्या चंद्रावर जगाने पैसे कमावले, त्याचा हक्क त्यांच्या नावावर कधी नोंदला गेला नव्हता.